पाण्यात न विरघळणारं कर्करोगाचं औषध अल्ब्युमिनच्या नॅनोकणांत भरताना: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

प्रकल्पाचा विषय मिळतो, शोधनिबंधांचा गठ्ठा हातात पडतो आणि प्रत्येक निबंधाच्या 'पद्धती' विभागात तीनच ओळी असतात: अल्ब्युमिन विरघळवलं, इथेनॉल टाकलं, कण मिळाले. त्या तीन ओळींच्या मधलं सगळं इथे लिहिलं आहे. रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी आहे, पिपेट धरता येते, पण नॅनोकण अजून केलेले नाहीत, अशा वाचकासाठी हे आहे. यातून तयार होईल ते फक्त प्रयोगशाळेतल्या पेशींसाठी. माणसाला द्यायच्या औषधाचे निर्जंतुकतेचे आणि मंजुरीचे नियम पूर्ण वेगळे असतात.

आधी मूळ अडचण. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पाण्यात दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा विरघळत नाही. १९९२ साली अमेरिकेत ते मंजूर झालं तेव्हा शिरेतून देण्यासाठी क्रेमोफोर ईएल, म्हणजे एरंडेलापासून बनवलेला एक पृष्ठसक्रियक, आणि इथेनॉल यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात विरघळवावं लागलं. क्रेमोफोरमुळे तीव्र ॲलर्जीचा धोका असतो, म्हणून रुग्णाला आधी स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिन द्यावी लागतात. शिवाय हे मिश्रण पीव्हीसीच्या नळ्यांमधलं प्लॅस्टिसायझर ओढून घेतं. २००५ मध्ये ॲब्रॅक्सेन आलं, पॅक्लिटॅक्सेलचंच नवं रूप. त्यात क्रेमोफोर नाही, फक्त मानवी अल्ब्युमिन आणि औषध, कणांचा सरासरी आकार सुमारे १३० नॅनोमीटर. तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता येऊ लागलं आणि मात्राही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ वरून २६० मिलिग्रॅमपर्यंत गेली.

'प्रथिनाचं आवरण असलेले नॅनोकण' हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एकात गाभा वेगळा असतो (औषधाचाच, किंवा पीएलजीएसारख्या बहुवारिकाचा) आणि प्रथिन बाहेरून बसतं. दुसऱ्यात संपूर्ण कण प्रथिनाचा आणि औषध त्यात विखुरलेलं. ॲब्रॅक्सेन पहिल्या प्रकाराच्या जवळचं आहे. ते करायला उच्च दाबाचा होमोजिनायझर लागतो, जो सगळीकडे नसतो. खाली दिलेली डिसॉल्व्हेशनची पद्धत (प्रथिनाच्या द्रावणात इथेनॉल टाकून प्रथिन कणांच्या रूपात बाहेर काढणं) दुसऱ्या प्रकारची आहे आणि साध्या स्टररवर होते.

एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोबत ठेवा: या क्षणी माझं औषध नेमकं कुठे आहे? कणात, द्रवात, नळीच्या भिंतीला चिकटलेलं, की स्वतःचे स्फटिक करून बसलेलं? पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाच्या बाबतीत बहुतेक फसवे आकडे हा प्रश्न न विचारल्याने येतात.

काय काय लागेल

- अल्ब्युमिन: सरावाला गाईचं (बीएसए), पुढे मानवी (एचएसए). दोन्ही शक्यतो 'फॅटी ॲसिड फ्री'
- औषध: सरावाला कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य), नंतर पॅक्लिटॅक्सेल
- शुद्ध इथेनॉल, १० मिलिमोलर मीठ-द्रावण, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, ८ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ग्लायसिन
- मॅग्नेटिक स्टरर, सिरिंज पंप, अचूक पीएच मीटर
- २०,००० जी (गुरुत्वाच्या २०,००० पट बल) गाठणारा सेंट्रिफ्यूज, अल्ट्रासॉनिक बाथ
- डीएलएस यंत्र (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं), एचपीएलसी (मिश्रणातून औषध वेगळं करून मोजणारं; सी-१८ स्तंभ), ध्रुवीकृत प्रकाशाची सोय असलेला साधा सूक्ष्मदर्शक
- फ्यूम हूड, दुहेरी हातमोजे, पेशीनाशक कचऱ्याचा वेगळा डबा
- प्रत्येक रसायनाचं सुरक्षा पत्रक, छापून जवळ ठेवलेलं

सिरिंज पंप नसेल तर मागून आणा. हाताने थेंब टाकून केलेल्या दोन घाण्यांतल्या (बॅचमधल्या) कणांचा आकार जुळत नाही आणि मग दोष नेमका कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

## १. अल्ब्युमिनची बाटली नीट वाचा

अल्ब्युमिन हे रक्तातलं सर्वात मुबलक प्रथिन. मानवी अल्ब्युमिनचं वजन सुमारे ६६.५ किलोडाल्टन, अमिनो आम्लं ५८५. शरीरात ते मेदाम्लं आणि इतर पाण्याला बुजणारे रेणू वाहून नेतं, म्हणूनच आपल्याला ते उपयोगी पडतं. पण बाटलीतल्या अल्ब्युमिनवर मेदाम्लं आधीच बसलेली असतील तर औषधाला जागा कमी मिळते. रुग्णालयात वापरतात त्या अल्ब्युमिनच्या द्रावणात टिकाऊपणासाठी कॅप्रिलेट आणि एन-ॲसिटिलट्रिप्टोफॅन घातलेलं असतं, तेही औषध बसण्याच्या जागा अडवतं. ते वापरायचं तर आधी डायलिसिस करा. तरीही सगळं निघून जाईल अशी खात्री बाळगू नका.

## २. कण करण्याआधी औषध मोजायला शिका

नवीन माणूस नेमकी हीच पायरी उलटी करतो. आधी कण, मग मोजणी. तसं करू नका. पॅक्लिटॅक्सेलसाठी सी-१८ स्तंभ, ॲसिटोनाइट्राइल आणि पाणी, २२७ नॅनोमीटर. प्रमाण रेषा काढा. मग ज्ञात प्रमाणात औषध रिकाम्या (औषधाशिवाय केलेल्या) कणांत मिसळा आणि परत किती मिळतं ते पाहा. क्रॉसलिंक केलेले, म्हणजे रासायनिक बंधांनी घट्ट जोडलेले, अल्ब्युमिनचे कण मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. औषध आत अडकून राहतं आणि तुमचा आकडा कमी येतो. त्यासाठी कण आधी प्रोटीनेज के किंवा ट्रिप्सिनने पचवून मग औषध काढावं लागतं. मोजणीत घट-वाढ धरता यावी म्हणून पॅक्लिटॅक्सेलसोबत डोसिटॅक्सेल अंतर्गत प्रमाणक म्हणून चालतं.

याच वेळी औषधाचा स्वभाव तपासून घ्या. डिसॉल्व्हेशन अल्कधर्मी द्रावणात होतं, आणि अल्कधर्मी पीएचला पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या कार्बनवरची रचना उलटते. एचपीएलसीवर शेजारी नवं शिखर दिसू लागतं. कर्क्युमिनची गत आणखी वाईट: प्रथिन नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२ आणि ३७ अंशांवर, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. अल्ब्युमिनला बांधलं गेलं की बरंच टिकतं. म्हणून प्रत्येक घाण्यासोबत त्याच पीएचला, तेवढाच वेळ ठेवलेला औषधाचा एक नमुना बाजूला चालवा. कणात औषध कमी सापडलं तर ते गळालं की मोडलं, हे त्यावरून कळेल.

## ३. औषध आधी अल्ब्युमिनला बांधा

१०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन २ मिलिलिटर मीठ-द्रावणात. चूर्ण वरून भुरभुरा आणि आपोआप भिजू द्या. जोरात हलवलंत तर फेस होतो आणि फेसात प्रथिन उलगडतं. पीएच ८ ते ८.५ दरम्यान आणा. अल्ब्युमिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला रेणूवरचा निव्वळ भार शून्य होतो) ४.७ च्या आसपास आहे. त्यापासून जितकं दूर, तितका रेणूंवर ऋणभार जास्त आणि कण लहान. पीएच खाली गेला की कण मोठे होतात, आणखी खाली गेला की सगळं एकत्र चिकटून खाली बसतं.

औषध किती घालायचं? इथे थोडं गणित. १०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे १.५ मायक्रोमोल. पॅक्लिटॅक्सेलचा रेणुभार ८५४. रेणूला रेणू धरला तर १.२८ मिलिग्रॅम. म्हणून सुरुवातीला १ मिलिग्रॅम घ्या. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८, त्याचं अर्धा मिलिग्रॅम पुरे.

'पण ॲब्रॅक्सेनच्या कुपीत ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिनला १०० मिलिग्रॅम औषध असतं,' असं कोणीतरी म्हणेलच. बरोबर आहे. हिशेब केला तर तिथे अल्ब्युमिनच्या एका रेणूमागे औषधाचे जवळपास नऊ रेणू पडतात. एवढे रेणू जागांवर बसूच शकत नाहीत. तिथे औषध अस्फटिक अवस्थेत गोळा होऊन असतं आणि अल्ब्युमिन त्याला धरून ठेवतं. ती करामत उच्च दाबाच्या यंत्राची आहे. स्टररवर तेवढं औषध घातलंत तर तुम्हाला स्फटिक मिळतील.

औषध थोड्याशा इथेनॉलमध्ये विरघळवा, जास्तीत जास्त १०० मायक्रोलिटर, आणि ढवळत्या अल्ब्युमिनमध्ये अगदी सावकाश सोडा. तासभर ढवळू द्या. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन ध्रुवीकृत प्रकाशात पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या सुया दिसल्या तर पुढे जाऊ नका, औषध कमी करा.

बरेच लोक ही पायरी गाळून औषध थेट पुढच्या इथेनॉलमध्ये विरघळवतात. अंतिम मिश्रणात ८० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे औषधाला द्रवातच राहायला आवडतं. नंतर पाण्याने धुताना ते सुयांच्या रूपात बाहेर पडतं आणि कणांसोबत तळाशी बसतं. पेलेट (तळाशी बसलेला गाळ) छान दिसतो, आतलं काम झालेलं नसतं.

## ४. इथेनॉल: मिनिटाला एक मिलिलिटर

एकूण ८ मिलिलिटर, पंपाने, मिनिटाला सुमारे ५५० फेऱ्यांवर ढवळत. दोन-तीन मिलिलिटर गेल्यावर द्रावणात निळसर झाक येते, मग ते दुधाळ होतं. निळसर झाक ही चांगली खूण. पांढरे तंतू किंवा काडीला लागणारा चिकटा दिसला तर पीएच खाली घसरला आहे, किंवा ढवळणं मंद आहे, किंवा मीठ जास्त झालं. मीठ ऋणभार झाकून टाकतं, म्हणून इथे नेहमीचा पीबीएस बफर चालत नाही.

नळीचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, भोवऱ्याच्या बाजूला ठेवा. भांड्याची मापं आणि ढवळकांडीची लांबी वहीत लिहून ठेवा. भांडं बदललं की आकार बदलतो.

## ५. क्रॉसलिंक

इथपर्यंत कण नुसते एकत्र आलेले असतात. पाणी घातलं की पुन्हा विरघळतील. मानवी अल्ब्युमिनमध्ये ५९ लायसिन आणि टोकाचा एक, असे ६० अमिनो गट. ते सगळे जोडायला ८ टक्के ग्लुटाराल्डिहाइड दर मिलिग्रॅमला ०.५८८ मायक्रोलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅमला ५९ मायक्रोलिटर. २४ तास ढवळा.

ग्लुटाराल्डिहाइड श्वसनाला घातक आहे आणि एकदा संवेदनशीलता आली की आयुष्यभर सोबत राहते. हूडच्या बाहेर बाटली उघडू नका. शेवटी ग्लायसिन घालून उरलेले अल्डिहाइड गट बंद करा, नाहीतर पेशींवरच्या प्रयोगात औषधाऐवजी ग्लुटाराल्डिहाइडच पेशी मारेल आणि आलेख मात्र झकास दिसेल. औषध उष्णता सोसत असेल तर ७० अंशांवर दोन तास तापवूनही कण घट्ट करता येतात.

## ६. धुणं, दोन टप्प्यांत

आधी हळू, मग जोरात. पहिल्या फेरीत ५०० ते १,००० जीवर पाच मिनिटं: मोठे गोळे आणि मोठे स्फटिक खाली बसतात. वरचं द्रव नव्या नळीत घ्या. खाली बसलेलं फेकू नका, त्यातलंही औषध मोजायचं आहे. मग २०,००० जीवर कण बसवा, वरचं द्रव काढून जपून ठेवा, १० मिलिमोलर मीठ-द्रावणात अल्ट्रासॉनिक बाथने पुन्हा पसरवा. असं तीनदा.

वहीत फेरे लिहू नका, 'जी' लिहा. सूत्र असं: १.११८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले मिनिटाला फेऱ्यांचा वर्ग. १५,००० फेऱ्यांना ८ सेंटिमीटर त्रिज्येचा रोटर सुमारे २०,१०० जी देतो, ६ सेंटिमीटरचा १५,१०० च देतो. शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर तेच फेरे लावून कण का बसत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

## ७. आकार

डीएलएसमध्ये विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो, त्यामुळे धुळीचा एखादा कणसुद्धा सरासरी बिघडवतो. नमुना विरळ करा, पीडीआय (आकार किती विखुरलेले आहेत याचा आकडा) ०.२ च्या खाली असेल तर समाधान माना. इथेनॉल पूर्ण गेलेलं असावं. यंत्र पाण्याची विष्यंदिता धरून हिशेब करतं, आणि पाणी-इथेनॉलचं मिश्रण पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त दाट असू शकतं. मग कण आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. झीटा पोटेन्शिअल (कणाच्या पृष्ठभागाजवळच्या विद्युतभाराचं माप) पीएच आणि मीठ यांच्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र डीएलएसपेक्षा लहान आकार दाखवेल. कण वाळलेले असतात, घाबरू नका.

## ८. किती औषध आत गेलं

'एकूण औषध वजा वरच्या द्रवातलं औषध म्हणजे कणातलं औषध' ही अप्रत्यक्ष पद्धत निबंधांत सर्रास दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला ती ठीक आहे. आपल्या औषधाला नाही. वरच्या द्रवात औषध नाही याचा अर्थ ते कणात आहे असा होत नाही. ते तळाशी स्फटिक होऊन बसलं असेल, प्लॅस्टिकला चिकटलं असेल, मोडलं असेल. अशा वेळी ९५ टक्के औषध कणात गेल्याचा आकडा मिळतो आणि तो पूर्ण खोटा असू शकतो.

त्याऐवजी सगळीकडचं औषध मोजा: कणांतलं, प्रत्येक धुण्याच्या द्रवातलं, पहिल्या हळू फेरीच्या गाळातलं, आणि रिकाम्या नळ्या मिथेनॉलने खंगाळून भिंतीवरचं. बेरीज सुरुवातीच्या औषधाच्या ९० टक्क्यांच्या वर आली तरच पुढचा आकडा लिहा.

समजा १ मिलिग्रॅमपैकी कणांत ०.६२ मिलिग्रॅम सापडलं आणि कणांत प्रथिन ८० मिलिग्रॅम निघालं. औषध आत जाण्याचं प्रमाण ६२ टक्के. पण कणाच्या वजनात औषध किती? ०.६२ भागिले ८०.६२, म्हणजे ०.७७ टक्के. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. पहिला एकटाच दिला की वाचणाऱ्याला कण औषधाने गच्च भरलेत असं वाटतं.

यासोबत एक नियंत्रण हवंच: अल्ब्युमिनशिवाय, नुसतं औषध त्याच द्रवांतून, त्याच फेऱ्यांतून न्या. शेवटच्या पेलेटमध्ये किती औषध बसतं ते पाहा. तिथेही बरंच सापडलं तर तुमच्या कणांच्या आकड्यातला तेवढा भाग संशयास्पद.

डीएससी (नमुना तापवून वितळण्याचं शिखर पाहणारी चाचणी) किंवा क्ष-किरण विवर्तनावर विसंबताना एक गोष्ट लक्षात असू द्या. औषधाचं शिखर दिसलं नाही म्हणून 'औषध अस्फटिक आहे' असं लोक लिहून मोकळे होतात. ०.७७ टक्के औषध पूर्ण स्फटिक असलं तरी त्या यंत्राला ते दिसेलच असं नाही. रिकामे कण आणि औषधाचं चूर्ण त्याच प्रमाणात कोरडं मिसळून तो नमुना आधी लावा. त्यात शिखर दिसत असेल तरच तुमच्या नमुन्यात नसण्याला किंमत आहे.

## ९. औषध बाहेर कसं येतं

डायलिसिसची पिशवी, बाहेर बफर, ठराविक वेळाने नमुने. सोपं दिसतं. पण बाहेरच्या द्रवाची औषध सामावण्याची क्षमता गरजेच्या किमान तिप्पट हवी. साध्या बफरमध्ये १ मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेलला तीन लिटरहून जास्त लागेल. २०० मिलिलिटरमध्ये केलेला 'संथ, नियंत्रित स्राव' बहुधा भरलेल्या बफरचा आलेख असतो. बाहेर ट्वीन-८० (एक पृष्ठसक्रियक) किंवा अल्ब्युमिन घाला. दुसऱ्या पिशवीत मोकळं औषध ठेवा. तेही तितक्याच संथपणे बाहेर येत असेल तर तुम्ही पिशवीचा वेग मोजताय.

## १०. पेशींवर

चार गट तरी हवेत: मोकळं औषध, रिकामे कण, औषधाचे कण, आणि नुसतं विद्रावक. माध्यमातल्या १० टक्के सीरममध्येही अल्ब्युमिन असतं, त्यामुळे मोकळं औषधसुद्धा तिथे अल्ब्युमिनवर स्वार होतं. म्हणून बशीत कण आणि मोकळं औषध यांत फरक कमी दिसणं स्वाभाविक आहे. कर्क्युमिन रंगीत आणि चमकणारं असल्याने पेशी किती जगल्या हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटीसारख्या चाचण्यांत पेशी नसलेला, फक्त कण असलेला कप्पाही ठेवा. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासल्याशिवाय प्रतिकारपेशींवर काहीही टाकू नका.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता ठेवा. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू आत साचतात हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं, पण २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात गाठीपर्यंत पोचलेल्या नॅनोकणांचा मध्यक दिलेल्या मात्रेच्या ०.७ टक्केच निघाला. गाठीतलं स्पार्क नावाचं प्रथिन अल्ब्युमिनला ओढून घेतं, ही कल्पनाही स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत टिकली नाही: स्पार्क जास्त असलेल्यांना जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. ॲब्रॅक्सेनचे कण तर रक्तात विरळ झाल्यावर लवकरच सुटतात आणि औषध अल्ब्युमिनच्या सुट्या रेणूंवर फिरतं. तुमचे क्रॉसलिंक केलेले कण तसे सुटणार नाहीत, तेव्हा त्याच्या निकालांवरून स्वतःच्या कणांबद्दल भाकीत करू नका.

## ११. साठवण

द्रवात ठेवायचे तर ४ अंशांवर, आणि दर आठवड्याला आकारासोबत ध्रुवीकृत सूक्ष्मदर्शकही. आकार तोच राहून औषध बाहेर स्फटिक झालेलं असू शकतं. गोठवून वाळवायचे तर ट्रिहॅलोज किंवा सुक्रोज घाला, नाहीतर पाणी घातल्यावर गोळे परत सुटत नाहीत. नळीवर घाण्याचा क्रमांक, तारीख, औषधाचं नाव आणि 'पेशीनाशक' हा शब्द लिहा. कण दुसऱ्या कोणाला द्यायचे असतील तर त्याच घाण्याचे रिकामे कणही द्या.